ज्येष्ठांना स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून: ही सेवा नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०३० पर्यंत जगातला दर सहावा माणूस साठीचा किंवा त्याहून मोठा असेल. २०२० मध्ये साठीपुढचे लोक सुमारे १०० कोटी होते. २०५० मध्ये ते २१० कोटी होतील. ऐंशी ओलांडलेल्यांची संख्या त्याच काळात तिप्पट होऊन ४२ कोटी ६० लाखांवर जाईल. कुटुंबं लहान झाली आहेत, मुलं दूर राहतात, जवळ असली तरी दिवसभर कामावर असतात. बहुतेक ज्येष्ठांना मात्र आपलं घर, आपली खोली, आपला शेजार सोडायचा नसतो. त्यामुळे घरी येऊन मदत करणाऱ्या माणसांची मागणी वाढते आहे, आणि पुढची कित्येक वर्षं ती वाढतच राहणार आहे.

ज्यांना हे काम सुरू करायचं आहे, एकट्याने किंवा दोन-चार जणांना सोबत घेऊन, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही किती तास मदत दिलीत यावर हे काम मोजू नका. तुमच्या मदतीमुळे ते आजोबा किंवा त्या आजी काय काय स्वतःच्या हाताने करत राहिल्या, यावर मोजा. सगळं हातात आणून देणारी सेवा प्रेमळ वाटते, घरच्यांनाही आवडते; पण वर्षभरात तीच माणसाला खुर्चीत बसवून टाकते.

पहिली पायरी: कामाचा नेमका तुकडा निवडा

"आम्ही ज्येष्ठांची काळजी घेतो" एवढं सांगून भागत नाही. कोणती कामं, हे आधी ठरवा. त्यासाठी वृद्धसेवेत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या दोन याद्या कामाला येतात. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या यादीत शरीराची सहा रोजची कामं आहेत: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांची १९६९ ची यादी घर चालवण्याच्या कामांची आहे: फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणं, बाहेर जाणं-येणं, वेळेवर औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार.

माणसाची पकड सहसा दुसऱ्या यादीतल्या कामांवरून आधी सुटते. बिलं भरायची राहून जातात, गर्दीत खरेदीला जायची भीती वाटायला लागते, डॉक्टरांकडे एकट्याने जाणं जमेनासं होतं. अंघोळ, कपडे ही कामं तोपर्यंत नीट चाललेली असतात. अशा वेळी आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-दोन तासांची मदत मिळाली तर माणूस आणखी बरीच वर्षं आपल्या घरात राहू शकतो. नवखे लोक मात्र थेट चोवीस तासांच्या केअरटेकरकडे वळतात, कारण लोक फोन करतात ते गोष्टी हाताबाहेर गेल्यावर. माझा सल्ला असा की सुरुवात दुसऱ्या यादीपासून करा. त्यातलीही तीन-चार कामं निवडा आणि ती उत्तम करा. डॉक्टरकडे सोबत जाणं, खरेदी, कागदपत्रं आणि फिरायला सोबत, एवढ्यावरही एक चांगली सेवा उभी राहते. पहिल्या यादीतल्या कामांना, म्हणजे अंगाला हात लावायच्या कामांना, रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात घालू नका.

दुसरी पायरी: काय करणार नाही, ते लिहून काढा

इंजेक्शन देणं, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) लावणं किंवा नळीतून अन्न देणं ही नर्सिंगची कामं आहेत. ती प्रशिक्षित, नोंदणीकृत माणसाचीच. कोणत्या कामाला कोणता परवाना लागतो, नोंदणी कुठे करायची, विमा कोणता घ्यायचा, हे जागेप्रमाणे बदलतं. तिथल्या कार्यालयात आणि एखाद्या वकिलाकडे विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मग एका पानावर दोन रकाने करा: करतो, करत नाही. हे पान पहिल्याच भेटीत घरच्यांच्या हातात द्या. पुढे कधीतरी संध्याकाळी सात वाजता "तेवढं एक इंजेक्शन देऊन जा ना" असं कोणी म्हणेल, तेव्हा तुमच्या मदतनिसाला या पानाचा आधार असेल.

तिसरी पायरी: पहिली भेट

चौकशीचा फोन बहुधा मुलीचा किंवा मुलाचा येतो. पैसेही तेच देणार असतात. साहजिकच नवखा माणूस त्यांनाच ग्राहक समजतो, त्यांच्याशीच बोलतो आणि त्यांच्याच चिंतेवर योजना आखतो. मुलांची चिंता खरी असते, पण ती मुख्यतः सुरक्षिततेची असते. आईवडिलांना वेगळंच काही हवं असतं. रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं असतं, कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवायची असते, परक्या माणसाने स्वयंपाकघराचा ताबा घेऊ नये असं वाटत असतं. सेवा टिकते ती या इच्छा कळल्या तरच. म्हणून पहिली भेट ज्येष्ठांच्या सोयीच्या वेळी ठरवा, त्यांच्या घरी जा, आणि निदान थोडा वेळ फक्त त्यांच्याशी बोला.

समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे. कानाचं मशीन असेल तर ते लावलेलं आहे ना, चालू आहे ना, ते आधी विचारा. ओरडू नका, ओरडल्याने शब्द फाटतात. सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोला. "तुम्हाला कशात मदत हवी आहे?" या प्रश्नाला "कशातच नको, माझं मी बघते" हेच उत्तर येणार, आणि ते बरोबरही आहे, कारण स्वाभिमानाने जगलेल्या माणसाला असा प्रश्न टोचतो. त्यापेक्षा "काल सकाळी उठल्यापासून दिवस कसा गेला, ते सांगा ना" असं विचारा. बोलता बोलता सगळं बाहेर येतं: पाठीमुळे अंघोळ दिवसाआड होते, दुपारची गोळी कधी घेतली तेच आठवत नाही, रात्री तीनदा उठावं लागतं. मग विचारा, "असं काय आहे जे पूर्वी करायचात, आता सुटलंय आणि त्याची रुखरुख लागते?" या प्रश्नाच्या उत्तरापाशी तुमचं काम सुरू होतं.

पडण्याबद्दल विचारताना विशेष जपा. जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे मरतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. तरीही ज्येष्ठ मंडळी पडल्याचं लपवतात. कळलं तर मुलं एकटं राहू देणार नाहीत, ही धास्ती असते. "पडलात का?" ऐवजी "गेल्या वर्षभरात कधी घसरलात, तोल गेला, कशाला तरी धरावं लागलं, असं झालं का?" असं विचारलंत तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

बोलत असतानाच पाहत राहा. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो का? खोलीतून जाताना कपाट, टेबल, भिंत असा आधार धरत चालतात का? फिजिओथेरपिस्ट यासाठी एक सोपी चाचणी घेतात. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत यायचं, बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. तुम्ही निदान करायचं नाही. पण असं दिसलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, एवढं सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

आणि संमती. ज्यांच्या घरात तुम्ही येणार, त्यांचा होकार हवाच. विसरभोळेपणा वाढलेला असला तरी "मी उद्या येऊ का?" हे त्यांना विचारायचंच. तयारी नसेल तर दोन आठवड्यांसाठी, एकाच कामापुरतं येऊन बघतो, असं म्हणा. "आईला न विचारता सुरू करा, नंतर सवय होईल" असं घरचे म्हणाले तर ते काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: घर नजरेखालून घाला

सगळ्या घराची पाहणी एका दमात करायला जाऊ नका. आधी एकच वाट बघा: रात्री पलंगापासून शौचालयापर्यंतची. झोपेतून उठलेला, अंधारात, घाईत निघालेला माणूस त्या वाटेवर काय काय ओलांडतो? चटईची सुटलेली कड, पंख्याची वायर, काढून ठेवलेल्या चपला, उंबरठा, ओली फरशी. शक्य असेल तर संध्याकाळी दिवे घालवून तुम्ही स्वतः त्या वाटेने चालून पाहा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना पुरत नाही. हालचाल होताच लागणारे छोटे दिवे या वाटेवर बसवले तर फार मोठा फरक पडतो. पायरीच्या आणि उंबरठ्याच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा.

न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय बहुतेकांना असते. ती दांडी माणसाचं वजन पेलायला बनवलेली नसते. आधाराचे खास दांडे मिळतात, आणि ते टाइलवर चिकटवायचे नसतात, मागच्या पक्क्या भिंतीत बसवायचे असतात. दांड्याने सुमारे ११३ किलोंचा भार सहन केला पाहिजे. आडवा दांडा जमिनीपासून साधारण ८४ ते ९१ सेंटिमीटरवर बसवतात; पण बसवण्यापूर्वी त्या व्यक्तीला तिथे उभं करून हात नैसर्गिकपणे कुठे जातो ते पाहा. शॉवरखाली बसायला न घसरणारं स्टूल ठेवा. दाराची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे. गीझरचं तापमान ४९ अंश सेल्सियसच्या वर ठेवू नका. म्हातारी त्वचा पातळ असते आणि हातही चटकन मागे येत नाही.

पलंगाच्या कडेवर बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. पलंग फार खाली असेल तर पलंगाच्या पायांखाली पक्के ठोकळे द्या. काठीची उंचीही तपासा. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची; बरेच लोक उलटी धरताना दिसतात. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर ते आजच बदला. चाकाची खुर्ची असेल तर दारातून निदान ८१ सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी.

रोजच्या वस्तू कंबर आणि खांदा यांच्यामधल्या उंचीवर आणा, म्हणजे स्टुलावर चढणं आणि वाकणं दोन्ही टळतं. पण हलवण्यापूर्वी विचारा. त्या घरात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला अंधारातही टेबल कुठे आहे ते ठाऊक असतं, आणि त्या सवयीवरच तो चालत असतो. तुम्ही चांगल्या हेतूने टेबल सरकवलंत तर रात्री तेच आडवं येईल. एका वेळी एक बदल करा, तो अंगवळणी पडू द्या, मग दुसरा.

पाचवी पायरी: मदतीचा आराखडा

प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवा: स्वतः करतील, सोबतीने करतील, मदतनीस करेल. नवख्यांच्या आराखड्यात तिसरा रकाना भरगच्च असतो. तो जितका रिकामा ठेवता येईल तितका ठेवा. एखाद्या आजींच्या अंघोळीचं उदाहरण घ्या. "अंघोळ मदतनीस घालेल" असं लिहून मोकळं होऊ नका. पाणी सोडणं, कपडे काढून ठेवणं आणि पाठ-पाय घासणं मदतनिसाचं. चेहरा, हात, छाती-पोट त्या स्वतः धुतील. बटणं त्या स्वतः लावतील, मग त्याला दहा मिनिटं लागोत. ही दहा मिनिटं वेळापत्रकात आधीच धरायची असतात. मदतनीस घाईत असेल तर तो बटणं लावून टाकणारच, त्यात त्याचा दोष नाही.

डेन्मार्कमधल्या फ्रेडेरिसिया नगरपालिकेने २००८ मध्ये हीच दिशा धरली. घरी मदत मागणाऱ्या ज्येष्ठांना कायमची मदत सुरू करण्याआधी काही आठवडे थेरपिस्ट आणि मदतनीस मिळून ती कामं पुन्हा करायला शिकवत. २०१५ मध्ये तिथल्या कायद्याने सगळ्याच नगरपालिकांना, ज्यांना उपयोग होण्यासारखा आहे त्यांच्यासाठी, असा प्रयत्न आधी करणं बंधनकारक केलं. छोट्या सेवेलाही हे जमण्यासारखं आहे. हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसाबरोबर पहिले सहा आठवडे जास्त वेळ द्या, पण दर आठवड्याला एखादं काम त्यांच्या हाती परत सोपवत चला.

व्यायामाला आराखड्यात जागा द्याच. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. तोल सांभाळण्याचे आणि उठबशीसारखे पायांना ताकद देणारे व्यायाम त्यात महत्त्वाचे. कोणते, किती, हे फिजिओथेरपिस्ट ठरवेल. रोज सोबत उभं राहून ते करवून घेणं मात्र तुमच्याच माणसाला जमतं, कारण रोज घरात तोच असतो.

सहावी पायरी: माणसं निवडणं आणि टिकवणं

सगळ्यात अवघड भाग हा आहे आणि बहुतेक सेवा इथेच मोडतात.

ओळखपत्र, पत्ता, आधीच्या दोन घरांचे संदर्भ, पोलीस पडताळणी, हे सगळं करायचंच. "ओळखीतलीच आहे" म्हणून सूट द्यायची नाही. पण स्वभाव कागदावर कळत नाही. निवडलेल्या व्यक्तीला एखाद्या अनुभवी मदतनिसाबरोबर दोन-तीन दिवस पाठवा आणि एवढंच पाहा: ती आजींशी बोलते की आजींच्या डोक्यावरून घरच्यांशी? मोबाइल किती वेळा काढते? आजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात तेव्हा चेहरा कसा होतो?

शिकवायच्या गोष्टी: माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं आणायचं, तेही स्वतःची पाठ न मोडता, हात धुणं, घास अडकला तर काय करायचं, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार), विसरभोळेपणा असलेल्या माणसाशी वाद न घालता विषय कसा बदलायचा, आणि दिसलेलं नीट लिहून कसं ठेवायचं. काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढून उठवणं पहिल्याच दिवशी बंद करा. त्याने ज्येष्ठांचा खांदा दुखावतो आणि मदतनिसाची कंबरही.

एका घरात चेहरे कमीत कमी असावेत. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६ साली उभी केलेली ब्युर्टझोर्ग ही घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था याच तत्त्वावर वाढली: एका वस्तीसाठी जास्तीत जास्त बारा नर्सेसचा छोटा गट, आणि आपलं वेळापत्रक तो गटच ठरवतो. तुम्ही दोघी-तिघी असाल तरी प्रत्येक घराला एक मुख्य मदतनीस आणि एक पर्यायी मदतनीस ठरवून द्या. पर्यायी व्यक्तीला महिन्यातून एकदा तरी त्या घरी पाठवा, म्हणजे मुख्य मदतनीस आजारी पडेल त्या दिवशी दारात अनोळखी माणूस उभा राहणार नाही.

मदतनिसांना दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचे पैसे द्या. आठवड्याची सुट्टी द्या. "चोवीस तास" म्हणून एकाच बाईला महिनोन्‌महिने एका घरात ठेवू नका. रात्री चारदा उठणारं माणूस दुसऱ्या दिवशी सावध राहू शकत नाही. रात्रीची सोबत लागत असेल तर दोन माणसांच्या पाळ्या लावा, आणि ते परवडणारं नसेल तर तसं घरच्यांना स्पष्ट सांगा. तिला त्या घरात नीट जेवायला, बसायला, झोपायला जागा आहे का, हेही तुम्हीच पाहायचं.

सातवी पायरी: औषधं

बऱ्याच ज्येष्ठांना पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असतात, तीही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली. तुमचं पहिलं काम म्हणजे एकच यादी करणं: औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कोणी दिलं, कधीपासून. त्यात दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि काढेही लिहा. ही यादी प्रत्येक डॉक्टरभेटीला बरोबर न्या. आठवड्याचा कप्प्यांचा डबा कोण भरतो, हे ठरलेलं असावं. दोघांनी भरला की गोंधळ होतो. गोळी गिळवत नाही म्हणून मदतनिसाने ती कुटून देऊ नये, काही गोळ्या तशा द्यायच्या नसतात. आधी फार्मासिस्टला विचारावं.

उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, असं कोणी म्हणालं तर ते वयावर ढकलू नका. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं रक्तदाबाचं माप २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर डॉक्टरांना कळवायला हवं. औषधामुळेही तसं होतं. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, हेही ध्यानात ठेवा. मात्र कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आठवी पायरी: पैसे आणि किल्ल्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरी, समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या सहातल्या एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा गैरवापर किंवा छळ सोसावा लागतो, आणि आर्थिक फसवणूक हा त्यातला एक प्रकार आहे. त्यामुळे तुमचे नियम कडक असणं हे प्रामाणिक मदतनिसाच्याही भल्याचं आहे. एटीएमचा पिन मदतनिसाने कधीच घ्यायचा नाही. खरेदीसाठी ठरावीक रक्कम, पावती वहीत चिकटवलेली, शिल्लक तिथल्या तिथे मोजून दिलेली. उसने पैसे, दागिने, मृत्युपत्रात नाव, काहीही स्वीकारायचं नाही. किल्लीवर नाव-पत्ता लिहू नका, फक्त क्रमांक घाला. क्रमांक आणि पत्ता यांची नोंद वेगळीकडे कुलपात ठेवा.

घरातलंच कोणी त्रास देतंय असं वाटलं तर? मदतनिसाने काय दिसलं ते तारीख घालून लिहावं आणि तुम्हाला सांगावं. ज्येष्ठांशी एकांतात बोला, त्यांना काय हवं ते विचारा, आणि तिथे ज्येष्ठांसाठी जी हेल्पलाइन किंवा यंत्रणा असेल तिचा नंबर आधीपासून जवळ ठेवा.

नववी पायरी: आणीबाणीची तयारी

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा: नाव, वय, आजार, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टर, हॉस्पिटल, जवळचे दोन नातेवाईक, शेजारी.

कोणी पडलेलं दिसलं तर लगेच उचलायला धावू नका. जवळ बसा, बोला, कुठे दुखतं ते विचारा. डोकं आपटलं असेल, कंबर किंवा मांडी फार दुखत असेल, पाय आखूड किंवा वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार असेल, तर "मी ठीक आहे" म्हणत असले तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचं. काही लागलेलं नसेल तर त्यांना कुशीवर वळू द्या, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्या, समोर पक्की खुर्ची ठेवा, त्यावर हात टेकून एक पाऊल पुढे रोवून त्यांचं त्यांना उठू द्या. मागून दुसरी खुर्ची सरकवा. पडून तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहिलेल्या माणसाला मात्र इजा दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवायचं.

तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं तर घड्याळात वेळ बघा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. तो पक्षाघात असू शकतो आणि त्याच्या उपचारात एकेक मिनिट मोलाचं असतं. कालपर्यंत नीट असलेलं माणूस आज एकाएकी गोंधळलं, भलतंच बोलायला लागलं किंवा फार सुस्त झालं, तर "आता वयच झालं" म्हणून सोडू नका. इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, अशी कारणं असतात आणि बहुतेकदा ती बरी करता येतात. असा एका दिवसातला फरक सर्वांत आधी रोज येणाऱ्या मदतनिसालाच कळतो. म्हणून रोजच्या वहीत "सर्व ठीक" एवढंच लिहायला बंदी करा. किती खाल्लं, किती चालले, झोप, शौच, मूड, आणि कालच्यापेक्षा वेगळं काय, हे चार ओळींत यायला हवं.

उपकरणांबद्दल थोडक्यात. गळ्यात घालायचं बटण किंवा पडल्यावर आपोआप कळवणारं घड्याळ चांगलं, पण ते अंगावर हवं, खुंटीवर नाही. आणि त्याची हाक जिथे जाते तिथे कोणीतरी उत्तर देणारं हवं. कॅमेरे ज्येष्ठांच्या संमतीशिवाय लावू नका; झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघरात तर मुळीच नको.

दहावी पायरी: दर, अंतर आणि पहिली घरं

दर ठरवताना फक्त घरात घालवलेले तास मोजलेत तर काही महिन्यांत दमाल. प्रवास, फोन, वही तपासणं, पर्यायी माणसाची तयारी, प्रशिक्षण, रजेचा पगार, विमा, हे सगळं दरात बसलं पाहिजे. एका भेटीचा किमान वेळ ठेवा. आणि सुरुवातीला पायी किंवा थोड्याच वेळात पोहोचता येईल एवढाच परिसर निवडा. लांबची तीन घरं घेण्यापेक्षा जवळची सहा घरं चांगली, कारण कोणी पडल्याचा फोन आला तर पोहोचायचं तुम्हालाच आहे.

दुसरंही एक रूप माहीत असू द्या. बॉस्टनमधल्या बीकन हिल भागात काही ज्येष्ठांनी स्वतःच एकत्र येऊन संस्था काढली आणि २००२ पासून तिच्या सेवा सुरू झाल्या. सभासद वार्षिक वर्गणी देतात; बदल्यात प्रवासाला सोबत, घरदुरुस्तीसाठी खात्रीची माणसं, एकत्र कार्यक्रम, असं बरंच काही मिळतं, आणि त्यातली पुष्कळ कामं स्वयंसेवक करतात. ज्या वस्तीत ज्येष्ठ एकमेकांना ओळखतात तिथे हे रूप जास्त शोभतं, आणि एकटेपणावर त्याचा जो उपयोग होतो तो तासांवर विकलेल्या मदतीचा होत नाही.

पहिली घरं जाहिरातीतून क्वचित मिळतात. परिसरातले फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, औषधांचं दुकान, हॉस्पिटलचा डिस्चार्ज विभाग यांना प्रत्यक्ष भेटा. करतो-करत नाही हे पान दाखवा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक घरी स्वतः जाऊन आराखडा पुन्हा पाहा. कधी मदत कमी करता येईल, आणि तसं दिसलं तर तुम्हीच आपणहून सांगा. कधी उलटं होईल: रात्री घराबाहेर निघून जाणं, उठवायला दोन माणसं लागणं, सांभाळणाऱ्या जोडीदाराचीच तब्येत ढासळणं. तेव्हा घरी राहणं आता सुरक्षित नाही, ही गोष्ट ज्येष्ठांच्या समोर, घरच्यांना आणि डॉक्टरांना सोबत घेऊन बोला आणि दुसरी व्यवस्था होईपर्यंत साथ सोडू नका.

पर्यायी मदतनीस तयार नसेल तर नवं घर घेऊ नका, मागणी कितीही असो. ज्यांना सध्या नाही म्हणावं लागेल त्यांना खात्रीच्या दुसऱ्या सेवेचा नंबर द्या, आणि काही दिवसांनी फोन करून त्यांची सोय झाली का ते विचारा.